पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घ्यावे का? मावशीच्या स्तनकर्करोगामुळे निर्णय अडला आहे

प्रश्न : रानजाई (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४९ वर्षे असून मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शेवटची पाळी येऊन चौदा महिने झाले. पाळी थांबल्याचे मला वाईट वाटले नाही. मात्र त्यानंतर जे सुरू झाले त्याने माझी रोजची घडी विस्कटली आहे. फळ्यावर लिहीत असताना छातीतून एकदम उष्णतेची लाट उठते, मान आणि चेहरा तापतो, दोन-तीन मिनिटांत ब्लाऊज पाठीला चिकटतो आणि लगेच थंडी वाजू लागते. दिवसातून आठ-दहा वेळा हे होते. रात्री तीन-चार वेळा घामाने जाग येते. नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीतही मी अंगावरची दुलई लाथाडून बसलेली असते. झोपेच्या अभावी गेल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत गुणांची बेरीज दोन ठिकाणी चुकली. पंचवीस वर्षांत माझ्याकडून असे कधी झाले नव्हते. त्याशिवाय योनीमार्गात कोरडेपणा आहे आणि वर्षभरात दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून त्वचेवर लावायचे इस्ट्राडिऑलचे (इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचे) जेल आणि रात्री घ्यायची १०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुचवली. परंतु माझ्या सख्ख्या मावशीला ६४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "हार्मोनच्या नादी लागू नका, त्याने कॅन्सर होतो." दुसरीकडे, माझी आई ७१ व्या वर्षी न्हाणीघरात पडली, तिचा खुबा मोडला आणि त्यानंतर ती आधाराशिवाय कधीच चालू शकली नाही. हाडांचे भय मला कर्करोगाच्या भयापेक्षा कमी नाही.

धोका वाढतो असे कोणी म्हटले की तो कितीवरून किती होतो, हे कळल्याशिवाय माझे समाधान होत नाही. दोन आठवडे औषधाची चिठ्ठी पर्समध्ये पडून आहे. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत, किंवा विचारपूर्वक घेतलेले नाहीत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : चांदणवेल (पुणे)

रानजाईताई, तुमचे वर्णन वाचताना माझेच तीन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. माझे वय आता ५३ आहे. पन्नाशीत उपचार सुरू केले आणि अजून चालू आहेत, म्हणून प्रत्यक्ष अनुभव तेवढा सांगते.

उष्णतेच्या लाटा पहिल्याच दिवशी थांबत नाहीत. मला दुसऱ्या आठवड्यात फरक जाणवू लागला आणि दीड महिन्याने रात्रीचा घाम जवळजवळ गेला. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने गुंगी येते, त्यामुळे ती झोपतानाच घ्यायची. मला तर तिचा झोपेसाठी उपयोगच झाला. जेल दंडावर किंवा मांडीवर, स्वच्छ आणि कोरड्या त्वचेवर लावायचे, स्तनांवर कधीही लावायचे नाही, आणि पूर्ण वाळेपर्यंत कपडा चढवायचा नाही. लावल्यावर हात साबणाने धुवायचे. माझा लहान नातू अंगाला बिलगतो, म्हणून मी ते रात्री तो झोपल्यानंतर लावते, कारण ओल्या जेलचे औषध दुसऱ्याच्या त्वचेतूनही शिरू शकते.

दुसऱ्या महिन्यात थोडा रक्तस्राव झाला तेव्हा मी फार घाबरले होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयाचे अस्तर पातळ होते, आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत असे होऊ शकते असे त्यांनी समजावले. हे मला आधी कोणी सांगितले असते तर चार रात्री जागून काढाव्या लागल्या नसत्या.

या औषधाने सगळेच सुटले असे मात्र नाही. वजन वाढलेले होते ते तसेच आहे. वडील गेल्यानंतर आलेली उदासी मी काही काळ पाळीच्या नावावर खपवत होते. तिच्यासाठी मला समुपदेशकाकडेच जावे लागले.

उत्तर : पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे लेखन घेऊ शकत नाही, आणि अंतिम निर्णय आपण आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. तरी आपण आकडे मागितले आहेत, ते मिळणे हा आपला हक्क आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

"हार्मोनने कॅन्सर होतो" हे वाक्य ज्या घटनेतून आपल्या दवाखान्यांपर्यंत पोहोचले ती घटना जुलै २००२ ची आहे. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या नावाने मोठी चाचणी चालू होती. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना घोडीच्या मूत्रापासून काढलेले संयुग्मित इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचे कृत्रिम प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) यांची एकत्रित गोळी दिली जात होती, तर निम्म्यांना औषधविरहित गोळी. सरासरी ५.२ वर्षांनी चाचणीचा हा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला आणि जगभर मथळे झळकले. जगभरातील लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. मी स्वतःही माझ्या अनेक रुग्णांची औषधे त्या वर्षी थांबवली. त्यांतल्या काहींना त्यांची खरोखर गरज होती, ही खंत आजही माझ्या मनात आहे.

आता आकडे पाहा. दर १०,००० स्त्रियांमागे दर वर्षी स्तनकर्करोगाचे रुग्ण ३० ऐवजी ३८ झाले, पक्षाघाताचे २१ ऐवजी २९, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ ऐवजी १६, आणि हृदयविकाराचे ३० ऐवजी ३७. त्याच वेळी खुब्याचे अस्थिभंग १५ वरून १० वर आले आणि मोठ्या आतड्याचा कर्करोगही घटला. वृत्तपत्रांनी पहिल्या आकड्याची टक्केवारी केली आणि "२६ टक्के वाढ" असे छापले. ते चूक नव्हते. पण दहा हजारांत आठ, हे वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही, हे गणिताच्या शिक्षिकेला मी वेगळे सांगायला नको.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या स्त्रियांचे वय. चाचणीत ५० ते ७९ वयाच्या स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या, रक्तवाहिन्यांत आधीच बदल झालेल्या अनेकींना पहिल्यांदाच हार्मोन दिले गेले. त्या निष्कर्षावरून ४९ वर्षांच्या, पाळी जाऊन चौदाच महिने झालेल्या स्त्रीचा निर्णय करणे योग्य नाही. पुढे वयोगटानुसार आकडे तपासले गेले तेव्हा ६० वर्षांखालील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांमध्ये लाभ आणि धोका यांचा तोल वेगळा दिसला. त्या चाचणीतील स्त्रियांचा १८ वर्षांचा पाठपुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात औषध घेतलेल्यांमध्ये एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

प्रोजेस्टेरॉन कशासाठी, हेही समजून घ्यावे. नुसते इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि तिथे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील अभ्यासांनी हे दाखवून दिले. म्हणून पिशवी असलेल्या स्त्रीने कॅप्सूल आपल्या मनाने कधीही बंद करू नये. पिशवी काढलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन पुरते. त्याच अमेरिकी चाचणीच्या दुसऱ्या भागात अशा १०,७३९ स्त्रिया होत्या. त्यांच्यात पक्षाघात वाढल्यामुळे तो भागही २००४ मध्ये थांबवला गेला, पण स्तनकर्करोग वाढलेला दिसला नाही आणि दीर्घ पाठपुराव्यात तो उलट कमीच आढळला.

याच्या विरोधात जाणारी माहितीही मी लपवणार नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यानुसार पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे इस्ट्रोजेनसोबत रोज प्रोजेस्टोजेन घेतले, तर ५० ते ६९ या वीस वर्षांत स्तनकर्करोगाचे प्रमाण शंभरात ६.३ वरून ८.३ होते, म्हणजे दर ५० स्त्रियांमागे एक जास्त. नुसत्या इस्ट्रोजेनने दर २०० मागे एक जास्त. ही आकडेवारी पाश्चात्त्य स्त्रियांची आहे, भारतात मुळातले प्रमाणच कमी आहे, आणि हे निरीक्षणात्मक अभ्यास होते. तरीही त्यांना क्षुल्लक म्हणता येत नाही. आपल्याला सुचवलेले प्रोजेस्टेरॉन हे शरीरातील संप्रेरकासारखेच असते. फ्रान्समधील मोठ्या अभ्यासात त्याच्याशी जोडलेला धोका कृत्रिम प्रकारांपेक्षा कमी दिसला. परंतु त्याची खात्री देणारी तशी मोठी चाचणी झालेली नाही, म्हणून मी त्याला 'अधिक आश्वासक' म्हणेन, 'निर्धोक' म्हणणार नाही.

गोळीऐवजी जेल का, याचे कारण यकृतात आहे. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून गेलेले इस्ट्रोजेन हा मार्ग टाळते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गुठळीचा धोका वाढताना दिसलेला नाही. आपल्या डॉक्टरांनी केलेली निवड मला समंजस वाटते.

मावशींबद्दल. मावशी हे दुसऱ्या फळीतले नाते, आणि त्यांना आजार झाला तो पाळी गेल्यानंतर, ६४ व्या वर्षी. एवढ्या एका कारणाने हार्मोन वर्ज्य ठरत नाही. आई किंवा बहिणीला कमी वयात स्तनकर्करोग झाला असता, अनेक नातेवाइकांत तो असता, किंवा घरात कोणाला अंडाशयाचा कर्करोग असता, तर आधी जनुकीय सल्ला घ्या असे मी म्हटले असते. ज्यांना स्वतःला स्तनकर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, ज्यांना यकृताचा सक्रिय आजार आहे, किंवा ज्यांच्या रक्तस्रावाचे कारण समजलेले नाही, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

लाटा अशा का येतात, हेही थोडक्यात सांगतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान राखतो. इस्ट्रोजेन घटले की तिथल्या काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि अंशभराच्या वाढीलाही शरीर ताप चढल्यासारखे घाम काढून उत्तर देते. अमेरिकेतील स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात हा त्रास निम्म्या स्त्रियांमध्ये ७.४ वर्षांहून जास्त टिकलेला दिसला. म्हणून "सहा महिने सोसा, जाईल" असा सल्ला मी देत नाही.

उत्तर : तुळशीवृंदावन (सांगली)

डॉक्टरसाहेबांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, तरीही मनातली शंका मांडते. पाळी जाणे हा आजार नाही. माझी आई आणि सासूबाई यांनी या काळात कोणतेही औषध घेतले नाही. मी स्वतः शतावरी कल्प घेतला, जेवणात सोयाबीन वाढवले, चहा कमी केला आणि पहाटे चालायला जाऊ लागले. दोन वर्षांत माझा त्रास ओसरला. जे शरीर स्वतःहून सावरते त्याला बाहेरून संप्रेरक देण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : पारिजात (ठाणे)

तुळशीवृंदावनताई, तुमचा त्रास ओसरला याचा आनंद आहे. पण आपल्या आयांनी औषध घेतले नाही याचा अर्थ त्यांना त्रास नव्हता असा होत नाही. माझी आई पन्नाशीत माजघरात एकटी पंखा घेऊन बसलेली असे आणि आम्ही तिला चिडकी म्हणत असू. तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

मी हार्मोन घेऊ शकत नाही. मला ४६ व्या वर्षी स्तनकर्करोग झाला, तोही इस्ट्रोजेनवर वाढणारा. केमोथेरपीने पाळी थांबली आणि कर्करोग परतू नये म्हणून दिलेल्या टॅमॉक्सिफेन या औषधाने लाटा आणखी तीव्र झाल्या. अशा वेळी मीही एका परिचितांच्या सांगण्यावरून सोयाच्या अर्काच्या गोळ्या घेऊ लागले होते. माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी त्या ताबडतोब थांबवल्या, कारण वनस्पतींतही इस्ट्रोजेनसारखे घटक असतात आणि गोळीत ते एकवटलेले असतात. जेवणातल्या सोयाबीनबद्दल त्यांची हरकत नव्हती. लाटांवर सोयाचा परिणाम काही अभ्यासांत थोडा दिसतो, काहींत दिसतच नाही, असेही त्यांनी सांगितले. म्हणून एवढेच सुचवते की नैसर्गिक म्हणून घेतलेली वस्तूही डॉक्टरांना सांगूनच घ्यावी.

मला व्हेनलाफॅक्सिनच्या कमी मात्रेचा उपयोग झाला. हे मूळचे नैराश्यावरचे औषध, पण लाटांवरही चालते. माझ्यासारख्या टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचेच दुसरे औषध मात्र टाळावे लागते, कारण ते टॅमॉक्सिफेनचे परिणामकारक रूप शरीरात तयार होऊ देत नाही. काहींना रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन दिले जाते. अमेरिकेत २०२३ मध्ये फेझोलिनेटंट नावाच्या औषधाला मान्यता मिळाली आहे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या त्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींनाच ते शांत करते, आणि ते हार्मोन नाही. त्यासाठी यकृताच्या चाचण्या मात्र नियमित कराव्या लागतात.

रानजाईताई, ज्या वाटेचे दार माझ्यासाठी बंद आहे ते तुमच्यासाठी उघडे असेल, तर केवळ कोणाच्या एका वाक्यावरून ते लावून घेऊ नका.

उत्तर : पांढरी_ज्वारी (बीड)

मी ग्रामीण भागात परिचारिका आहे. इथे आतापर्यंत जी चर्चा झाली ती ४९ किंवा ५० व्या वर्षी आपोआप पाळी गेलेल्यांची आहे. आमच्याकडची गोष्ट निराळी आहे, आणि ती इथे नोंदवली गेली पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. खाडा झाला तर मुकादमाकडून पैसे कापले जातात, फडावर शौचालय नाही, पाणी नाही, पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले की "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" हा सल्ला. म्हणजे कर्करोगाच्या भीतीनेच पिशवी काढायची, आणि नंतर त्याच भीतीने हार्मोन नाकारायचे. तिशीतल्या बाईला दोन्ही बाजूंनी तोच धाक.

माझी स्वतःची शस्त्रक्रिया ३६ व्या वर्षी झाली आणि पिशवीसोबत दोन्ही अंडाशये काढली गेली. ती का काढली हे मला कोणी सांगितले नाही. कागदावर वाचून समजले. तिसऱ्याच दिवशी अंगातून आग निघू लागली. पुढची चार वर्षे मी सांधे धरून, न झोपता कामावर जात होते. चाळीशीत डेक्सा तपासणी केली तेव्हा हाडांची घनता साठीच्या बाईसारखी आली. त्यानंतर एका तज्ज्ञ डॉक्टरांनी नुसते इस्ट्रोजेन सुरू केले. ते शस्त्रक्रियेनंतर लगेच मिळायला हवे होते.

डॉक्टरसाहेब, माझी समजूत बरोबर आहे ना, की अशा स्त्रियांना २००२ च्या त्या चाचणीचे आकडे लागूच होत नाहीत?

उत्तर : पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

आपली समजूत पूर्णपणे बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी स्वतःहून मांडायला हवा होता. चाळिशीच्या आत अंडाशये काढली गेली किंवा थांबली, तर इस्ट्रोजेन देणे म्हणजे त्या वयात शरीरात जे असायलाच हवे होते ते परत देणे होय. दुसरी काही अडचण नसेल तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, ते द्यावे असाच सर्वमान्य सल्ला आहे. न दिल्यास हाडे आणि हृदय या दोन्हींची हानी होते. कोणत्याही भगिनीला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर "अंडाशये ठेवणार का, आणि नसल्यास का नाही?" हा प्रश्न तिने शस्त्रक्रियेआधी लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारावा.

रानजाईताईंना आणखी एक सांगायचे राहिले. लघवीचा वारंवार संसर्ग आणि कोरडेपणा यांसाठी योनीमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन वेगळे मिळते. ते रक्तात अत्यल्प शोषले जाते आणि त्यासाठी प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. जेल घ्यायचे नाही असे ठरले तरी हे घेता येईल.

रानजाई (नाशिक)

सर्वांची मी ऋणी आहे. काल बाईंकडे जाऊन आले. मॅमोग्राफी केली, ती सामान्य आली. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाची सोनोग्राफीही झाली. डेक्सा तपासणीत मणक्याच्या हाडांची घनता थोडी कमी निघाली, ठिसूळतेच्या पायरीपर्यंत गेलेली नाही. त्या अहवालाने माझा निर्णय सोपा केला. आजपासून जेल आणि कॅप्सूल सुरू केली आहे.

पांढरी_ज्वारीताई, आमच्या शाळेत कारखान्याच्या तळावरून येणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या आयांशी या विषयावर बोलण्यासाठी तुम्ही काही सोप्या शब्दांत लिहून दिलेत तर मी ते पालकसभेत वाचून दाखवीन.

डॉक्टरसाहेब, एकच विचारायचे राहिले. कोणत्या गोष्टी दिसल्या तर मी पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा?

उत्तर : पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

एका पायाच्या पोटरीत सूज व दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, बोलताना जीभ जड होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी निघावे. स्तनात नवी गाठ जाणवली तर त्याच आठवड्यात दाखवावे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत थोडा अनियमित रक्तस्राव होऊ शकतो. तो सहा महिन्यांनंतरही राहिला, किंवा मधे पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाला, तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी लांबवू नये. काही त्रास नसला तरी तीन महिन्यांनी एकदा बाईंना भेटून मात्रा पुरेशी आहे का ते पाहावे, आणि पुढे दर वर्षी, औषध चालू ठेवायचे की नाही हा प्रश्न दोघींनी मिळून नव्याने विचारावा.

उत्तर : पांढरी_ज्वारी (बीड)

रानजाईताई, रविवारी माझी सुट्टी असते. त्या दिवशी लिहून इथेच टाकते. एका पानात बसेल असे लिहीन, कारण फडावरून परतलेल्या बाईला त्याहून जास्त ऐकण्याइतका वेळ नसतो.